विश्लेषण : एकाच कंपनीचे नेट ‘ए’ विंगला सुसाट, ‘सी’ विंगला ठप्प, असे का?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतेच, ‘नेट कुणाचे चांगले आहे?’ अर्ध्या तासात दहा-बारा उत्तरे येतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. ‘ए’ विंगमधले ज्या कंपनीची तारीफ करतात, तिच्याच नावाने ‘सी’ विंगमधले बोटे मोडतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, आपला जुना केबलवालाच बरा, फोन केला की माणूस पाठवतो. गंमत म्हणजे यातले कुणीच खोटे बोलत नसते. दरम्यान, प्रश्न विचारणाऱ्याला विक्री प्रतिनिधी सांगत असतो की वर्षाचे पैसे एकदम भरा, काही दिवस मोफत मिळतील. ४९९ रुपयांचा प्लॅन धरला तर १८ टक्के जीएसटीसह महिन्याला सुमारे ५८९ आणि वर्षाला सात हजारांवर रक्कम जाते. ज्या घरात कुणाची नोकरी घरूनच चालते किंवा मुलांची परीक्षा ऑनलाइन असते, तिथे चुकीच्या निवडीची किंमत या सात हजारांपेक्षा बरीच जास्त असते. मग निवड करायची तरी कशाच्या आधारावर?

जाहिरातीतला आकडा काय सांगतो?

सर्वांत आधी एककाचा घोळ. कंपन्या वेग ‘मेगाबिट’मध्ये सांगतात, फोनवर फाइल डाउनलोड होताना दिसतो तो ‘मेगाबाइट’मध्ये. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरणार. पाच जीबीचा चित्रपट उतरायला सात मिनिटे लागली, तर कुणी फसवलेले नाही.

दुसरा मुद्दा गरजेचा. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि ‘फोर के’साठी १५ एमबीपीएस पुरतात. झूमवरच्या चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ बैठकीला चारेक एमबीपीएस लागतात. चार माणसांच्या घरात टीव्ही, दोन बैठका आणि एक मोबाइल गेम एकाच वेळी चालू असले तरी बेरीज पन्नासच्या आत राहते. त्यामुळे २०० घ्यावे की ३००, हा वाद बहुतेक घरांसाठी निरर्थक आहे. बैठक अडकते ती वेग कमी पडल्यामुळे क्वचितच. ती अडकते वेग सलग टिकत नाही म्हणून.

सरकारी व्याख्येचाही इथे फारसा उपयोग नाही. जानेवारी २०२३मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. बाजारातला अगदी स्वस्त फायबर प्लॅनही त्याच्या कितीतरी वर असतो. शिवाय ‘अमर्यादित’ प्लॅनलाही मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांच्या घरगुती प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी अशी बारीक अक्षरात लिहिलेली आढळते. सामान्य कुटुंब तिथपर्यंत सहसा पोहोचत नाही. छोट्या सेवादारांकडे ही मर्यादा किती आणि ती ओलांडल्यावर वेग किती उरतो, हे मात्र आधी विचारलेले बरे.

रात्री नऊ ते अकरा या वेळेत वेग का घसरतो?

फायबर घरापर्यंत आला म्हणजे ती तार फक्त आपली, असा समज असतो. तसे नसते. भारतात घरगुती जोडण्यांसाठी जीपॉन हे तंत्रज्ञान मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यात कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक फायबर वाटेत काचेच्या ‘स्प्लिटर’मधून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. त्या एका फायबरची क्षमता सुमारे २.५ गिगाबिट डाउनलोडची आणि सुमारे १.२५ गिगाबिट अपलोडची. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताण दिला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० एमबीपीएसही येणार नाहीत, मग प्लॅन ३००चा असो की ५००चा.

प्रत्यक्षात सगळे एकाच क्षणी ताण देत नाहीत, म्हणून तर हा धंदा चालतो. दुपारी बहुतेक जोडण्या निवांत असतात. पण भारताचा क्रिकेट सामना रंगात आला किंवा रात्री जेवणे आटोपून घरोघरी टीव्ही लागले, की हे गणित ताणले जाते. छोट्या सेवादारांच्या बाबतीत अडचण अनेकदा आणखी पुढे असते. गल्लीतले जाळे त्यांचे, पण बाहेरच्या जगाशी जोडणारी बँडविड्थ ते मोठ्या कंपनीकडून विकत घेतात. ग्राहक वाढले आणि ती बँडविड्थ वाढवली नाही, की रात्री सगळ्यांचेच नेट रांगेत उभे राहते. एका स्प्लिटरवर किती घरे आहेत, हे जोडणी घेताना ग्राहकाला कुणी सांगत नाही. विचारले, तर प्रतिनिधीलाही ते बहुधा माहीत नसते.

मग ‘ए’ विंग आणि ‘सी’ विंगमध्ये फरक कशामुळे?

ग्राहक कंपनीची तुलना करतो, पण त्याला सेवा मिळते ती शेवटच्या दोन-तीनशे मीटरची. कंपनीचे नाव मोठे असले तरी हा शेवटचा टप्पा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. ट्रायच्या आकडेवारीत तारेच्या ब्रॉडबँडमध्ये जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल हे आघाडीवर दिसतात. त्यांपैकी बीएसएनएलची फायबर सेवा अनेक ठिकाणी स्थानिक भागीदारांमार्फत, म्हणजे बऱ्याचदा पूर्वीच्या केबलचालकांमार्फतच घरी पोहोचते. फलक राष्ट्रीय कंपनीचा आणि शिडी घेऊन येणारा माणूस गल्लीतला. तो माणूस चांगला, तर सेवा चांगली. डोंबिवलीत एखाद्या सेवेचा उदो उदो होतो आणि वाकडमध्ये तिलाच शिव्या पडतात, त्याचे मोठे कारण हे आहे.

दुसरे कारण तार इमारतीत कशी शिरते, हे. काही ठिकाणी फायबर थेट फ्लॅटमधल्या बॉक्सपर्यंत येतो. काही ठिकाणी तो फक्त इमारतीपर्यंत येतो. गच्चीवर किंवा जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत एक स्विच बसवलेला असतो आणि तिथून प्रत्येक घरात साधी तांब्याची लॅन केबल जाते. दोन्ही प्रकार विकताना ‘फायबर’ म्हणूनच विकले जातात. फरक कळतो तो वीज गेल्यावर. पहिल्या प्रकारात वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. घरातल्या बॉक्सला इन्व्हर्टर किंवा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस जोडला, तर अंधारातही बैठक चालू राहते. दुसऱ्या प्रकारात गच्चीवरचा स्विचच बंद पडतो, मग घरात इन्व्हर्टर असून उपयोग शून्य. महावितरणच्या हद्दीत भारनियमन वा बिघाडाचा ज्यांना नेहमीचा अनुभव आहे, त्यांच्यासाठी हा एक प्रश्न वेगाच्या कुठल्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. फ्लॅटमध्ये येणारी तार पाहूनही उत्तर मिळते. केसासारख्या फायबरची बारीक, बहुधा पांढरी किंवा काळी वायर आणि निळ्या किंवा हिरव्या टोकाची छोटी पिन असेल तर फायबर घरात आलेला आहे. टेलिफोनच्या पिनेपेक्षा थोडी मोठी, आठ धातूच्या पट्ट्यांची पिन थेट राउटरमध्ये जात असेल तर तो बाहेरच थांबला आहे.

तिसरे कारण पाऊस आणि जेसीबी. जमिनीखालच्या नळीतून आलेली तार आणि विजेच्या खांबावरून, झाडाच्या फांदीवरून लोंबत आलेली तार यांत जून ते सप्टेंबर या काळात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फांदी पडली की अख्खी गल्ली बंद. जमिनीखालची तार मात्र रस्त्याच्या कामात तुटते. कोण कुठे खणतो आहे, हे तारांच्या मालकांना आधी कळावे यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. पण रस्ता काँक्रीटचा करण्यासाठी खणलेल्या गल्लीत राहणाऱ्याला ॲपपेक्षा दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने येणारी दुसरी कंपनी जास्त कामाची ठरते. म्हणूनच दोन जोडण्या घ्यायच्या असतील, तर दोघांच्या तारा एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे पाहायला हवे. एकाच फांदीखालून आलेल्या दोन तारा म्हणजे एकच जोडणी आणि दोन बिले.

भरवशाची तुलना आकड्यांत होते का?

होते, पण तो आकडा ग्राहकाच्या कामाच्या रूपात क्वचितच मिळतो. ‘९९ टक्के वेळ चालू’ हे ऐकायला छान वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात एक टक्का म्हणजे सात तास बारा मिनिटे. ते पहाटे गेले तर कळणारही नाही. मंगळवारी सकाळी मुलाखत चालू असताना त्यातली पंधरा मिनिटे गेली, तरी पुरे. ९९.९ टक्के म्हटले, तर महिन्याला ४३ मिनिटे. घरगुती प्लॅनच्या पत्रकावर मात्र असा आकडा सहसा छापलेला नसतो. कार्यालयांसाठीच्या महागड्या ‘लीज्ड लाइन’च्या करारात तो असतो. किमतीतला बराचसा फरक या हमीचाच आहे.

ट्राय सेवेच्या दर्जाचे अहवाल प्रसिद्ध करते, पण ते दूरसंचार परिमंडळानुसार. महाराष्ट्र परिमंडळात गोवाही येतो आणि मुंबई वेगळी मोजली जाते. गडचिरोली, पुणे आणि पणजी यांची मिळून आलेली सरासरी कोथरूडच्या एका इमारतीबद्दल काय सांगणार? इतर देशांत याबाबत ग्राहकाच्या हाती थोडे अधिक असते. अमेरिकेत २०२४पासून सेवादारांना खाद्यपदार्थांच्या पाकिटावर असतो तसा तक्ता प्लॅनसोबत द्यावा लागतो. त्यात नेहमीचा डाउनलोड व अपलोड वेग, विलंब आणि सर्व शुल्के लिहावी लागतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९पासून भरपाईची योजना आहे. तीत सामील असलेल्या कंपनीची सेवा दोन कामकाजाच्या दिवसांहून अधिक बंद राहिली, तर दर दिवसाची भरपाई ग्राहकाने न मागता खात्यात जमा होते. सुरुवातीला ती दिवसाला आठ पौंड होती. न मागता, हा त्यातला महत्त्वाचा शब्द.

दोष कंपनीचा की घरातल्या वाय-फायचा?

तक्रारींतला मोठा वाटा घराच्या चार भिंतींत निर्माण झालेला असतो, हे कंपन्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. राउटर दारामागच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे किंवा शोभेच्या कपाटात ठेवलेला आणि बैठक दोन भिंतींपलीकडच्या खोलीत. राउटरच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरी भिंतींतून बऱ्यापैकी जातात, पण इमारतीतल्या प्रत्येक घराचे वाय-फाय त्याच पट्ट्यात गर्दी करते. त्यात एकमेकांना न अडवणाऱ्या वाहिन्या तीनच. ५ गिगाहर्ट्‌झला वेग भरपूर, पण आरसीसीच्या भिंतीपुढे ती दमते. जुना राउटर असेल, तर त्याचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असू शकते. ३०० एमबीपीएसचे पैसे भरूनही स्पीड टेस्टमध्ये काटा दरवेळी ९४-९५च्या आसपास थांबत असेल, तर जवळपास नक्की हेच कारण. कधी लॅन केबलच्या आठपैकी चारच तारा नीट जोडलेल्या असतात, तेव्हाही असेच होते.

त्यामुळे मोजणी लॅपटॉपला राउटरची तार थेट जोडून करावी. लॅपटॉप नसेल, तर फोन राउटरच्या शेजारी ठेवून, ५ गिगाहर्ट्‌झवर आणि बाकी सगळे बंद करून. एकदा सकाळी, एकदा रात्री दहाला, निदान आठवडाभर. ऊकलाचे ‘स्पीडटेस्ट’ आपणहून जवळचा सर्व्हर निवडते आणि तो अनेकदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. ही म्हणजे घरच्या अंगणातली शर्यत. सर्व्हर बदलून दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या कंपनीचा घेतला की चित्र खरे दिसते. नेटफ्लिक्सच्या ‘फास्ट डॉट कॉम’वर ‘अधिक माहिती’ उघडली, तर आणखी एक उपयुक्त आकडा मिळतो. जोडणी मोकळी असताना विलंब किती आणि भार असताना किती. मोकळी असताना १० मिलिसेकंद आणि भार पडताच ३००, असे दिसले, तर बैठक का अडकते त्याचे उत्तर तिथेच आहे. घरातल्या कुणाच्या फोनवरून लग्नाचे फोटो आपोआप क्लाउडवर चढू लागतात, अपलोडची अरुंद वाट भरून जाते आणि आवाजाची पाकिटे त्या फोटोंच्या मागे रांगेत थांबतात. डाउनलोड ३०० असला तरी यात काही फरक पडत नाही. म्हणून प्लॅन घेताना अपलोड किती, हे स्वतंत्रपणे विचारावे. काही केबल मॉडेमच्या जोडण्यांवर तो डाउनलोडच्या तुलनेत फारच कमी असतो.

यूट्युब सुरळीत, पण कार्यालयाचे व्हीपीएन संथ, हाही नेहमीचा अनुभव. यूट्युब, नेटफ्लिक्स यांची लोकप्रिय सामग्री सेवादाराच्या जाळ्यातच किंवा जवळच साठवलेली असते. व्हीपीएनला मात्र कदाचित समुद्र ओलांडावा लागतो. सप्टेंबर २०२५मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातही अनेकांना नेमका असा फरक जाणवला.

तारेविना येणारे ‘एअरफायबर’ कितपत चालते?

एअरटेलने ऑगस्ट २०२३मध्ये आणि जिओने १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ही सेवा सुरू केली. जिओच्या पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि पुणे होते. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर अँटेना बसते आणि फाइव्ह जी टॉवरकडून नेट येते. जेसीबी आणि फांदी यांची भीती नाही. जिथे फायबर येतच नाही, अशा नव्या वस्त्यांत ही मोठी सोय आहे. पण टॉवरची क्षमता मोबाइल ग्राहकांबरोबर वाटून घ्यावी लागते, त्यामुळे यश-अपयश टॉवरच्या गर्दीवर आणि समोर उद्या उभ्या राहणाऱ्या इमारतीवर ठरते. फायबर उपलब्ध असेल तर पहिली पसंती त्यालाच असावी. एअरफायबर दुसरी, राखीव जोडणी म्हणून उत्तम, कारण तिचा रस्ताच वेगळा आहे.

सेवा बंद पडल्यास नियम काय म्हणतात?

ट्रायने २ ऑगस्ट २०२४ रोजी सेवा-दर्जाचे नवे नियम जाहीर केले आणि १ ऑक्टोबरपासून ते लागू झाले. पैसे भरल्यावर ९८ टक्के ब्रॉडबँड जोडण्या सात दिवसांत सुरू व्हायला हव्यात. तारेच्या सेवेतला बिघाड तीन दिवसांनंतर दुरुस्त झाला, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. दर्जा न पाळणाऱ्या कंपनीवरील दंडाचा पहिला टप्पा ५० हजारांवरून एक लाख रुपयांवर गेला असून गंभीर प्रकरणांत तो दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो.

पण तीन दिवसांचे घड्याळ सुरू होते ते तक्रार नोंदवल्यावर. लाइनमनला केलेला फोन, व्हॉट्सॲपवर पाठवलेला लाल दिव्याचा फोटो यांची कुठेच नोंद नसते. बिघाड झाला की आधी ॲपवर किंवा ग्राहक सेवेकडे तक्रार करून डॉकेट क्रमांक घ्यावा, मग हवे तर लाइनमनला फोन करावा. बॉक्सवर ‘एलओएस’ या अक्षरांजवळ लाल दिवा लुकलुकत असेल तर तार बाहेर तुटली आहे. तेवढे सांगितले की ‘राउटर बंद करून चालू करा’ हा सोपस्कार टळू शकतो. तक्रार न सुटताच ‘निकाली’ म्हणून बंद झाली, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. तिथे निर्णयाची मुदत ३९ दिवसांची आहे. त्यानंतरही ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येत नाहीत, असा युक्तिवाद कंपन्या वर्षानुवर्षे करत असत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात तो फेटाळला.

निवड करताना सोसायटी काय करू शकते?

बरेच काही, आणि हे सहसा लक्षातच येत नाही. इमारतीच्या शाफ्टमध्ये कुणाला शिरू द्यायचे, हे समिती ठरवते. एकाच सेवादाराला मुभा दिली, तर रहिवाशांसाठी तुलनेचा प्रश्नच संपतो आणि त्या सेवादाराला धावपळ करण्याचे कारणही उरत नाही. ट्रायने ऑक्टोबर २०२४मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या सोयींनुसार मानांकन देण्याची नियमावली आणली आहे. त्याची वाट न पाहताही निदान दोन कंपन्यांना नळीतून वाट देणे आणि गच्चीवरचा स्विच लिफ्टच्या जनरेटरच्या किंवा सामायिक इन्व्हर्टरच्या लाइनवर घेणे, एवढे सर्वसाधारण सभेच्या एका ठरावात होऊ शकते.

आणि ग्रुपवरचा प्रश्नही थोडा बदलता येईल. ‘कुणाचे नेट चांगले?’ याऐवजी ‘आपल्याच विंगमध्ये, आपल्याच शाफ्टमधून कुणाचे नेट आहे, गेल्या पावसाळ्यात ते किती वेळा गेले आणि किती तासांत आले?’ असे विचारले, तर येणारी तीन-चार उत्तरे पुरतात. त्यानंतर एक महिन्याचाच प्लॅन घ्यावा. वर्षाची सवलत महिनाभरानेही मिळतेच.